तंत्रज्ञान आणि सामाजिक न्याय : संशोधन गटात प्रश्न कोणी ठरवायचा?

कवडसा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेली गोष्ट इथे मांडते आहे. मी संगणकशास्त्रात पीएचडी करते. दीड वर्षापूर्वी आमच्या विद्यापीठात तंत्रज्ञान आणि सामाजिक न्याय या विषयावर एक आंतरविद्याशाखीय संशोधन गट सुरू झाला. माझे मार्गदर्शक त्यात असल्यामुळे मीही आले. संगणकवाले चार, समाजशास्त्राच्या दोघी, कायद्याचे एक सर, सार्वजनिक आरोग्याच्या एक बाई आणि तत्त्वज्ञानाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक असे आम्ही नऊ जण दर बुधवारी दुपारी बसतो.

सध्याचं काम असं. एका रुग्णालयाने रुग्णांची माहिती नावं काढून आम्हाला दिली आहे. ठरलेल्या वेळी तपासणीला कोण येणार नाही याचा अंदाज आधीच आला, तर ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल, असं त्यांचं म्हणणं. चार महिने मी त्याचं मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणारा प्रोग्राम, बनवते आहे. माझ्या तक्त्यात एक रकाना आहे, 'भेट चुकवली'. त्यात शून्य किंवा एक.

गेल्या बुधवारी तो तक्ता मी पडद्यावर दाखवला. समाजशास्त्राच्या बाईंनी पहिल्याच मिनिटाला हात वर केला. "चुकवली की चुकली?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्या म्हणाल्या, "चुकवली म्हटलं की दोष त्या माणसाचा. चुकली म्हटलं की मधे काहीतरी घडलं. तुझ्या रकान्यात यातलं नेमकं काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नव्हतं. कायद्याचे सर म्हणाले, हा फरक उद्या कोर्टात महत्त्वाचा ठरेल. माझे मार्गदर्शक म्हणाले, मॉडेलला त्याने काही फरक पडत नाही. वेळ संपली, सगळे उठले.

घरी येताना लक्षात आलं की दीड वर्षात आम्ही एकाही रुग्णाशी बोललेलो नाही.

असे गट खरंच काही बदलतात का, की पाच विषयांची माणसं मिळून आणखी एक शोधनिबंध लिहितात, एवढंच? आणि ज्यांच्यावर या यंत्रणांचा परिणाम होतो त्यांची जागा अशा गटात कुठे? माहिती देणारे म्हणून, की प्रश्न ठरवणारे म्हणून? अशा गटात काम केलेल्यांनी लिहावंच, पण ज्यांच्यावर कुणी अभ्यास केला आहे त्यांनीही लिहावं.

---

शिंपले

रुमाल टाकून ठेवते. असा गट आठ वर्षं चालवला आहे. रात्री सविस्तर लिहीन. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

---

दशांश

संख्याशास्त्राच्या बाजूने लिहितो. माझ्या मते असे गट हवेतच, आणि त्याचं कारण गणितातच आहे.

अमेरिकेत कॉम्पास नावाची प्रणाली आहे. आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, याचा ती गुणांक देते. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या हजारो आरोपींची माहिती तपासली. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशा कृष्णवर्णीयांपैकी ४४.९ टक्के लोकांवर 'जास्त धोका' असा शिक्का बसला होता. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण २३.५ टक्के. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर असं, की आमचा गुणांक दोन्ही गटांना सारखाच लागू पडतो. सात गुण मिळालेला माणूस कोणत्याही वर्णाचा असो, पुन्हा पकडला जाण्याची शक्यता जवळपास तेवढीच.

दोघांचेही आकडे बरोबर होते. मग त्याच सुमारास क्लाइनबर्ग, मुल्लईनाथन आणि राघवन यांनी, आणि स्वतंत्रपणे अलेक्झांड्रा चौल्डेकोवा यांनी सिद्ध करून दाखवलं, की दोन गटांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं मूळ प्रमाणच वेगळं असेल तर न्यायाच्या या दोन व्याख्या (चुकीचा शिक्का दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात बसावा, आणि गुणांकाचा अर्थ दोन्ही गटांत सारखा असावा) एकाच वेळी पाळणं गणिती दृष्ट्या अशक्य आहे. अपवाद फक्त अंदाज शंभर टक्के अचूक असण्याचा, आणि तसं कधी नसतं.

म्हणजे कोणता अन्याय सोसायचा हे निवडावंच लागतं. ती निवड गणित करून देत नाही. तिथे दुसऱ्या विषयाची माणसं लागतात.

---

रेघोटी

@दशांश, प्रतिसाद आवडला. फक्त एक गोष्ट. त्या तक्त्यातला 'पुन्हा गुन्हा केला' हा रकाना खरं तर 'पुन्हा गुन्हा दाखल झाला' असा आहे. जिथे पोलीस जास्त फिरतात तिथे गुन्हेही जास्त दाखल होतात. म्हणजे तुम्ही ज्याला मूळ प्रमाण म्हणता, तेच कवडसा यांच्या 'चुकवली'सारखं आहे.

आता मूळ प्रश्न. मी वकील आहे. बदल होतो, पण विद्यापीठापासून सुरू होतोच असं नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनासाठी पालकांना सरकारी मदत मिळते. फसवणूक शोधायच्या नावाखाली तिथल्या कर खात्याने हजारो कुटुंबांवर ठपका ठेवला. अर्जात एखादी सही राहिली तरी वर्षभराची सगळी मदत परत मागितली. जोखीम मोजताना परदेशी नागरिकत्व हा निकष धरला होता. लोकांची घरं गेली, संसार मोडले. १५ जानेवारी २०२१ ला याच कारणावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. हे प्रकरण कुणी लावून धरलं? पालकांनी, त्यांच्या वकिलांनी, दोन-तीन खासदारांनी आणि पत्रकारांनी. अभ्यास बहुतेक नंतर आले.

पण त्याच देशातलं दुसरं उदाहरण उलटं आहे. सिरी नावाची एक सरकारी प्रणाली होती, वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र करून फसवणुकीचा संशय कुणावर घ्यायचा हे सांगणारी. ५ फेब्रुवारी २०२० ला हेगच्या जिल्हा न्यायालयाने ती रद्दबातल केली, कारण ती कशी चालते हे बाहेरच्या कुणालाच तपासता येत नव्हतं. दावा नागरी संघटनांनी लावला होता. एक मोठी कामगार संघटनाही सोबत होती. आणि संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक फिलिप अॅल्स्टन, जे स्वतः कायद्याचे प्राध्यापक आहेत, त्यांनी आपलं म्हणणं न्यायालयाला लेखी कळवलं होतं. तुमच्या गटाला अशी जागा घेता येईल का, हा माझा प्रश्न.

---

आडवाट

मी थोडा विरोधात लिहितो, राग मानू नये. बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. अशा गटांची टिपणं वाचली आहेत. पन्नास पानं चूक काय आहे यावर, आणि उद्या सकाळी कोडमध्ये काय बदलू यावर अर्धं पान.

ज्यांनी काहीतरी मोजून दाखवलं त्यांचं काम टिकलं. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी १२७० छायाचित्रं घेऊन तीन कंपन्यांच्या चेहरा ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. बाई की पुरुष एवढंच सांगायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. पुढच्या वर्षी परत तपासलं तर तिन्ही कंपन्यांच्या चुका बऱ्याच कमी झाल्या होत्या. दोष सापडला, आकड्यात दाखवला, दुरुस्त झाला. मला असं काम हवं. 'चुकवली की चुकली' हा प्रश्न चांगला आहे, मी नाकारत नाही. पण त्यावर एक तास घालवून पुढे काय झालं?

---

जुनीपाटी

आडवाट, तुमचा राग मला समजतो. चाळीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं, आमच्याकडची पन्नास पानं मीही वाचली आहेत. पण तुमच्या उदाहरणातला एक धागा पुढे ओढतो. चेहरा अचूक ओळखता यायला लागला, बरं झालं. मग तो कुणाचा, कुठे आणि कशासाठी ओळखायचा? २०१९ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोने पोलिसांना आणि शहराच्या इतर खात्यांना हे तंत्रज्ञान वापरायला बंदी केली. तिथे प्रश्न अचूकतेपुरता नव्हताच. यंत्र जितकं अचूक, तितकी काही लोकांची काळजी वाढते.

आता असं उदाहरण घ्या जिथे कोडमध्ये एकही चूक नव्हती. अमेरिकेतल्या रुग्णालयांत एक प्रणाली वापरत होते. कोणत्या रुग्णांना जास्तीची देखभाल द्यायची हे ती सुचवायची. आजारपण थेट मोजणं कठीण, म्हणून तिला शिकवलं होतं ते पुढच्या वर्षीचा खर्च ओळखायला. खर्च जास्त म्हणजे आजार जास्त, वरकरणी किती सरळ. पण ज्यांना डॉक्टरपर्यंत पोचताच येत नाही त्यांच्यावर खर्चही कमी होतो. परिणाम असा, की तितकेच आजारी कृष्णवर्णीय रुग्ण यादीत खाली राहिले. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे उघड केलं. त्यांच्या हिशेबाप्रमाणे ही तफावत दूर केली तर जास्तीच्या देखभालीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं.

ओबरमायर डॉक्टर. त्यांच्या सोबत होते तेच मुल्लईनाथन ज्यांचं नाव दशांश यांनी वर घेतलं, अर्थशास्त्रज्ञ. प्रणाली तिला सांगितलेलं काम चोख करत होती. कामच चुकीचं सांगितलं होतं. हे ओळखायला रुग्णही पाहिलेले लागतात आणि आकडेही वाचता यावे लागतात. एका तासात 'चुकवली' या शब्दापाशी थांबलेला गट वाया गेला असं मी म्हणणार नाही.

अवांतर : न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे पूल मुद्दाम ठेंगणे बांधले, म्हणजे बसने येणारे गरीब आणि काळे लोक समुद्रकिनाऱ्यावर पोचू नयेत, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. लँग्डन विनर यांनी १९८० मध्ये ती मांडली आणि या विषयाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ती गेली.

---

दशांश

@जुनीपाटी, त्या पुलांबद्दल थोडं. १९९९ मध्ये बर्नवर्ड योएर्गेस यांनी त्या गोष्टीवर हरकत घेतली होती. त्या रस्त्यांवर बस आणि मालवाहू गाड्यांना तशीही बंदी होती, त्यामुळे पूल बुटके ठेवून कुणाला अडवण्याची गरजच नव्हती. वाद मिटलेला नाही, पण गोष्ट वाटते तितकी सरळ नाही.

---

जुनीपाटी

बरोबर आहे. ते वाचल्यानंतर मी ती गोष्ट त्या हरकतीसकटच शिकवू लागलो. मुलं उलट जास्त रस घ्यायची. यंत्रात राजकारण असतं हे खरंच, पण या पुलात ते नेमकं कुठे होतं हे शोधायला मग त्यांनाच पाठवायचो.

---

बाराखडी

छान चाललाय धागा. मला तर ती आंधळे आणि हत्तीची गोष्ट आठवली. संगणकवाल्यांच्या हाती सोंड, कायदेवाल्यांच्या हाती कान, समाजशास्त्राच्या हाती शेपूट. सगळे एकत्र आले की हत्ती दिसतो! आंतरविद्याशाखीय म्हणजे एवढंच.

(आणि हा शब्द एका दमात तीनदा म्हणून दाखवणाऱ्याला थेट अनुदान द्यावं.)

---

पाऊलवाट

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. हे सगळं स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, ऐकतो आहे. बाराखडी, तुमच्यावर राग नाही, ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो. पण ती सांगणारा दरवेळी डोळस असतो. प्रत्यक्षात आम्हाला हत्ती दाखवायला नेलं तर आम्ही त्याच्याभोवती फिरू, एकमेकांना विचारू, माहुताला विचारू. एका जागी उभं राहून भांडणार नाही.

कवडसा, तुम्ही लिहिलंत की ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांनी लिहावं. माझ्यावर झाला आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठातला असाच गट आला होता. त्यांनी एक पांढरी काठी बनवली होती. मुठीत बॅटरी, समोर अडथळा आला की थरथरणार. चार दिवस वापरून बघा म्हणाले. काठी नेहमीच्या काठीपेक्षा दुप्पट जड. दुसऱ्या दिवशी मनगट दुखायला लागलं. पाऊस आला की सारखी थरथरायची. शिवाय साधी काठी जमिनीवर टेकवली की फरशी आहे, माती आहे की लोखंडी झाकण आहे ते आवाजावरून कळतं. त्या थरथरीत तो आवाज हरवायचा. मी हे सगळं सांगितलं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी थरथर कमी-जास्त करायचं बटण दिलं.

मला काठी नको होती. त्या महिन्यात मला एका परीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि संकेतस्थळावर माझा स्क्रीन रीडर म्हणत होता, "बटण. बटण. बटण. प्रतिमा. बटण." कोणत्याही बटणाला नाव दिलेलं नव्हतं. ते करायला एका मुलाला एक दुपार पुरली असती. मी गटातल्या मुलीला ते ऐकवलंही. ती म्हणाली, हे आमच्या प्रकल्पात बसत नाही. वाईट नव्हती ती. खरंच बसत नव्हतं. प्रकल्प लिहिला गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

अपंगांच्या चळवळीत जगभर एक घोषणा आहे, 'आमच्याविषयी काहीही, आमच्याशिवाय नाही.' तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर तेवढंच. आम्हाला चाचणीच्या दिवशी बोलावू नका. प्रकल्प कागदावर यायच्या आधी बोलवा.

---

बाराखडी

पाऊलवाट, मनापासून माफी मागतो. ही गोष्ट आता अशी सांगणार नाही. माहुताला विचारू, हे वाक्य लक्षात राहील.

---

उंबरठा

पाऊलवाट यांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी पलीकडच्या बाजूची आहे. एका संशोधन प्रकल्पासाठी दोन वर्षं घरोघरी जाऊन माहिती गोळा केली. हातात टॅबलेट, त्यात बासष्ट प्रश्न. एका बाईंच्या बोटांचे ठसे यंत्र घेतच नव्हतं. भांडी, धुणी, विटा, आयुष्यभर हीच कामं, बोटांच्या रेघा झिजून गुळगुळीत झालेल्या. पाच वेळा बोट पुसून ठेवलं, पाच वेळा लाल दिवा. त्या मला विचारत होत्या, "माझंच बोट आहे ना हे?" मी फॉर्ममध्ये काय लिहायचं? पर्याय तीन होते : यशस्वी, नकार दिला, इतर. मी 'इतर' निवडलं. अशी 'इतर' माझ्याकडे कितीतरी होती. विश्लेषण करताना ती ओळच गाळली, कारण 'इतर'चं काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. विद्यापीठातल्या बैठकीला आम्हाला बोलावत नसत, म्हणून विचारलंही नाही.

निबंध छापून आला तेव्हा आमची नावं आभारांतही नव्हती. ते एक वेळ असो. पण त्या घरांतून लोक विचारायचे, "ताई, त्याचं पुढे काय झालं?" आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं. दुसऱ्या वर्षी त्याच गल्लीत जायला पाय उचलत नव्हता.

कवडसाताई, तुमच्या नऊ जणांत माहिती गोळा करणारं कुणी आहे का?

---

दशांश

वरचे दोन्ही प्रतिसाद अस्वस्थ करणारे आहेत. तरी एक खरी अडचण मांडतो. बाधित लोकांना गटात घ्या म्हणणं सोपं, पण कुणाला? जो बैठकीला येऊ शकतो, ज्याला वेळ आहे, जो चारचौघांत बोलू शकतो, तोच येतो. मग तो सगळ्यांच्या वतीने बोलतो. रुग्णालयाच्या उदाहरणात जो तपासणीला येऊ शकत नाही, तो तुमच्या बुधवारच्या बैठकीला कसा येईल?

---

रेघोटी

हीच अडचण प्राध्यापकांना का लावत नाही आपण? नऊ प्राध्यापक कुणाचे प्रतिनिधी असतात?

---

जुनीपाटी

दशांश यांची अडचण खरी आहे आणि रेघोटी यांचा प्रतिप्रश्नही. याला एक जुनं उत्तर आहे. एकेकटा माणूस बोलावू नका, त्यांच्या संघटनेशी काम करा.

क्रिस्टन नीगार्ड हे नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ. सिमुला ही भाषा बनवणाऱ्या दोघांपैकी एक. आज सगळे ज्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने प्रोग्राम लिहितात तिचं मूळ त्यात आहे. १९७० च्या सुमारास कारखान्यांत संगणक येऊ लागले, तेव्हा ते लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करायला गेले. सुरुवातीला ठरलं होतं नेहमीसारखंच : अभ्यास करायचा, अहवाल द्यायचा. लवकरच कळलं की अहवालाने कामगाराच्या हाती काही लागत नाही. मग त्यांनी संशोधनाच्या 'निष्कर्षा'ची व्याख्याच बदलली. संघटनेच्या शाखांनी या अभ्यासाच्या आधारे जी कृती केली, ती म्हणजे निष्कर्ष. कामगारांसाठी संगणकाची पाठ्यपुस्तकं लिहिली, शाखाशाखांत वर्ग घेतले. १९७५ मध्ये तिथल्या कामगार आणि मालक यांच्या महासंघांत कामाच्या जागी येणाऱ्या संगणक प्रणालींबाबत देशपातळीवरचा करार झाला.

आडवाट, हे तुमच्यासाठीही. पन्नास पानांऐवजी करार आला, आणि तो एका प्रोग्रामरच्या हातून सुरू झालेल्या कामातून आला.

त्याच दशकात नेदरलँड्समधल्या विद्यापीठांत 'विज्ञानाची दुकानं' निघाली. नाव खरंच तसंच आहे. नागरिकांच्या संघटनांनी दारात येऊन प्रश्न ठेवायचा, विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी त्यावर काम करायचं. पाणी घाण का येतं, कारखान्याच्या धुराने काय होतं, असले प्रश्न. प्रश्न बाहेरून येतो हीच त्यातली मोठी गोष्ट.

---

शिंपले

उशीर झाला, पण वरचं सगळं वाचून लिहिते आहे.

कवडसा, तुमच्या गटात जे झालं ते प्रत्येक गटात दुसऱ्या वर्षी होतं. पहिलं वर्ष सगळे एकमेकांशी सभ्यपणे वागतात. दुसऱ्या वर्षी कुणीतरी 'चुकवली की चुकली' विचारतं आणि मग कळतं की आपण एकाच शब्दाने वेगवेगळं बोलत होतो. आमच्याकडे 'न्याय' या शब्दावर तीन महिने गेले. संगणकवाल्यांना निष्पक्षता म्हणायचं होतं, म्हणजे नियम सगळ्यांना सारखा. आरोग्यवाल्यांना ज्याची गरज जास्त त्याला जास्त द्यायचं होतं. कायदेवाले म्हणत, निर्णय काहीही असो, त्या माणसाला आपली बाजू मांडता आली का? तिन्ही हव्यात, पण एका प्रणालीत तिन्ही एकदम बसत नाहीत. शेवटी आम्ही न्याय हा शब्दच बैठकीतून काढला आणि प्रत्येकाने आपल्याला काय म्हणायचंय ते पूर्ण वाक्यात सांगायचं असा नियम केला. कामाचा वेग त्यानंतर वाढला.

खरी भांडणं मात्र तात्त्विक नसतात. संगणकशास्त्रात परिषदेतला आठ-दहा पानांचा निबंध मोठा मानतात, समाजशास्त्रात चार-पाच वर्षांनी येणारं पुस्तक. एका निबंधावर सहा नावं असतील तर समाजशास्त्राच्या मुलीला नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, यात तुमचं काय? तुम्ही पीएचडी करताय म्हणून कळकळीने सांगते, नावांचा क्रम आणि कोणता निबंध कोणत्या विषयाच्या नियतकालिकाला जाणार, हे मार्गदर्शकांशी आत्ताच लेखी ठरवून घ्या. आमच्या दोन हुशार मुली यातच अडकल्या. त्या गेल्याचं मला आजही लागतं.

आता रुग्णांशी न बोलण्याबद्दल. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या तुमच्या नीतिविषयक समितीने हरकत का घेतली नाही, याचा अंदाज करता येतो. माहिती रुग्णालयाने आधीच गोळा केलेली, नावं काढलेली, म्हणून 'मानवी सहभाग नाही'. ही पळवाट जुनी आहे. २०१४ मध्ये फेसबुकवरचा एक प्रयोग छापून आला. ६,८९,००३ लोकांना दिसणाऱ्या नोंदी त्यांच्या नकळत कमी-जास्त केल्या होत्या, त्यांच्या भावनांवर काय परिणाम होतो ते बघायला. कॉर्नेल विद्यापीठाचे संशोधक त्यात होते. विद्यापीठाचं म्हणणं, माहिती कंपनीने गोळा केली, त्यामुळे आमच्या समितीच्या पूर्ण तपासणीची गरज नाही. कागदावर सगळं नियमात. लोक संतापले ते कागदामुळे नाहीच.

नावं काढली म्हणजे माणूस निघून गेला असंही समजू नका. लटान्या स्वीनी यांनी २००० मध्येच दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पाच अंकी क्रमांक एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येण्याची शक्यता आहे.

उंबरठा, तुमच्या 'इतर'बद्दल. आमच्या प्रत्येक तक्त्यात 'इतर' वेगळे काढून वाचायची एक बैठक असायची, आणि त्या बैठकीला माहिती गोळा करणाऱ्या बायका हव्यातच असा आग्रह होता. त्यांना त्या दिवसाचं मानधन, आणि निबंधावर नाव. अनुदानाच्या अर्जात यासाठी वेगळी ओळ टाकावी लागते. नंतर टाकायची म्हटलं की पैसे कधीच नसतात.

---

उंबरठा

शिंपलेताई, 'इतर' वाचायची बैठक. हे ऐकूनच बरं वाटलं.

---

आडवाट

जुनीपाटी यांचं नीगार्डचं उदाहरण मला माहीत नव्हतं. सिमुला माहीत होती, माणूस माहीत नव्हता. माझा 'अर्धं पान' हा मुद्दा मात्र सोडत नाही.

कवडसा, तुमच्यासाठी काही करता येण्यासारखं विचारतो. 'चुकवली' मध्ये 'एक' हा आकडा कोण लिहितं? खिडकीवरचा माणूस, की वेळ टळली की प्रणाली आपोआप लिहिते? आणि रुग्णाने वेळ बदलायला फोन केला तर त्याची नोंद कुठे जाते?

---

कवडसा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे लिहिता आलं नाही, कारण आडवाट यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधत होते.

तो 'एक' प्रणालीच लिहिते. ठरलेल्या वेळेनंतर ठरावीक मिनिटांत खिडकीवर नोंद झाली नाही की रकान्यात आपोआप एक पडतो. फोनची नोंद आमच्याकडे आलेल्या माहितीत नाहीच. ती एका वहीत होते.

शिंपलेताई, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला, समितीच्या कागदावर तेच वाक्य होतं. मी आणि समाजशास्त्राच्या बाईंनी मिळून नव्याने परवानगी मागितली आणि सार्वजनिक आरोग्याच्या बाईंमुळे ती लवकर मिळाली. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकांवर तीन दिवस बसलो. ज्यांनी आपणहून बोलायची तयारी दाखवली त्यांच्याशीच बोललो.

एक आजोबा म्हणाले, मागच्या खेपेला येता येणार नव्हतं म्हणून दोन दिवस फोन लावत होतो, कुणी उचलला नाही. एका बाईंचा नोंदवलेला नंबर त्यांच्या मुलाचा, तो दुसऱ्या शहरात. आठवणीचा संदेश त्याला जातो, तो कामावर असतो. एक जण म्हणाला, मी आलो होतो की! रांगेत होतो. खिडकीशी पोचेपर्यंत वेळ टळली. प्रणालीच्या लेखी तो आलाच नाही.

बुधवारी हे सांगितलं तेव्हा माझे मार्गदर्शक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच उठून फलकावरचं 'चुकवली' पुसलं आणि तिथे लिहिलं, 'वेळेत नोंद झाली नाही'. पुढच्या महिन्यात मॉडेलचं काम थांबवून आधी ती फोनची वही मागायची असं ठरलं. माझा निबंध लांबला, त्याची काळजी वाटते. तरी मी गटात राहते आहे.

---

आडवाट

वही मिळाली की कळवा. हस्ताक्षरातली असेल तर नोंदी उतरवून घ्यायला शनिवार-रविवार मदत करीन. पूर्वी केलं आहे असं काम.

---

पाऊलवाट

कवडसा, वाचून आनंद झाला. एक भर घालतो. मी ज्या रुग्णालयात जातो तिथे रुग्णाचा क्रमांक भिंतीवरच्या पडद्यावर दिसतो. पूर्वी नाव पुकारायचे, ते बंद झालं. शेजारी बसलेल्याला मी दर पाच मिनिटांनी विचारतो, पण तो उठून गेला की संपलं. दोनदा माझी पाळी माझ्यासमोरून निघून गेली. मी पहिल्या बाकावर होतो.

तुमच्या तक्त्यात मी कुठे असेन?

---

कवडसा

एकमध्ये. आत्ता तरी एकमध्येच.

हे बुधवारी मांडते. की तुम्हीच मांडाल? बैठक ऑनलाइनही असते, आणि मानधनाचं मी आजच विचारते.

---

पाऊलवाट

येईन. दुवा एक दिवस आधी पाठवा. आत जायचं बटण वाचता येतं का ते बघून ठेवतो.